‘औषध’ मारण्यापूर्वी

‘विषारी औषध प्राशन करून’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांत इतक्या वेळा छापून येतात की ते वाचताना आपली नजर अडखळत नाही. दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात शैलीविचार शिकवताना विरोधाभासाचे घरचे उदाहरण म्हणून मी हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहिला. विशेषण एकीकडे खेचते, विशेष्य दुसरीकडे, आणि तरीही वाक्य निर्वेधपणे पुढे सरकते, ते कसे, असा माझा प्रश्न होता. मागच्या बाकावरून वाडीतल्या घरातून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, यात विरोध कुठे आहे? आमच्याकडे औषधच म्हणतात. केळीला औषध, मोगऱ्याला औषध. विषारी औषध म्हणजे कडक औषध.”

भाषाव्यवहाराच्या दृष्टीने ती बरोबर होती आणि माझे उदाहरण फसले होते. विरोधाभास बोलणाऱ्याला जाणवत असेल तरच तो अलंकार. जाणवत नसेल तर ती नुसती सवय. वसईपासून विदर्भापर्यंत सारा महाराष्ट्र पिकाला ‘औषध मारतो’. (‘मारणे’ हे क्रियापदही पाहावे. औषध देतात, घेतात, लावतात. मारतात ते फक्त झाडांवर.) कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बाटलीवर मात्र कायद्याने रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. लाल-पिवळ्या बाटल्यांवर विष असल्याचा स्पष्ट इशारा असतो. म्हणजे बाटली स्वतःला विष म्हणवते आणि आपण तिला औषध म्हणतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा बातम्यांत शब्द आला तो ‘विषबाधा’. माणसाच्या अंगात गेल्यावरच त्या द्रव्याला त्याचे खरे नाव मिळाले.

रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात आक्षेप घेतला होता तो नावापासूनच. ही द्रव्ये कीटकांपाशी थांबत नाहीत, तेव्हा त्यांना कीटकनाशक म्हणण्याऐवजी जीवनाशक म्हणावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपण तर कीटकनाशक या शब्दापर्यंतही पोहोचलो नाही; त्याच्याही दोन पायऱ्या अलीकडे, औषधावर, थांबलो.

हे सारे मी मोठ्या तात्त्विक उंचीवरून लिहीत आहे असा समज होऊ नये. पाच वर्षांपूर्वी मीही औषध मारले होते.

आमचे घर वसईच्या पश्चिमेला तळमजल्यावर आहे आणि मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी परसबाग. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, एक सोनचाफा, कुंड्यांत मिरच्या, आणि भिंतीपलीकडे एक जुनी वाडी, अजून तरी शाबूत. त्या पावसाळ्यात कढीपत्त्याचे झाड चार दिवसांत बोडके झाले. पानांवर पक्ष्यांनी विष्ठा टाकावी तसे काळे-पांढरे ठिपके दिसले, ते मी दुर्लक्षिले. आठवड्याने पाहते तो बोटाएवढ्या हिरव्या अळ्या पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून बसलेल्या. दुकानदाराने एक बाटली दिली. त्रिकोणाचा रंग मी पाहिला नाही. संध्याकाळी फवारले आणि हात उरलाच आहे तर शेजारच्या जास्वंदीवरही फवारले. सकाळी खाली पडलेल्या अळ्या मोजल्या, अकरा होत्या. त्यांच्याबरोबर जास्वंदीखाली दोन लाल ढालकिडेही उलटे पडले होते, ते मी मोजले नाहीत. तीन आठवड्यांनी जास्वंदीच्या प्रत्येक शेंड्यावर पिठ्या ढेकणाचा कापूस फुटला होता. दुकानदाराने दुसरी बाटली दिली, आधीपेक्षा महाग.

त्या दुसऱ्या बाटलीने मला वाचायला बसवले. अळ्यांचे कुळ आधी कळले. त्या काळ्या-पांढऱ्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बाल्यावस्थेतल्या अळ्याच होत्या. पक्ष्याने आपल्याला खाण्याजोगे समजू नये म्हणून त्यांनी घेतलेले ते सोंग. मोठ्या झाल्यावर त्या हिरव्या होतात, पाठीवर डोळ्यांसारखे ठसे उमटतात, आणि काडीने डिवचल्यास डोक्यामागून लालसर दुभंगलेली शिंगे बाहेर काढून उग्र दर्प सोडतात. (यांना मी पूर्वी सुरवंट म्हणत असे. सुरवंट तो केसाळ; ह्या गुळगुळीत, तेव्हा अळीच म्हणावे.) दोन-तीन आठवडे खाऊन त्या कोशात जातात आणि दहा-बारा दिवसांनी बाहेर येते ते कॉमन मॉरमॉन किंवा लाइम जातीचे मोठे फुलपाखरू, जे सोनचाफ्यापाशी आले की मी आतून सर्वांना हाका मारून बोलावत असे. त्यांचेच सख्खे भावंड ब्लू मॉरमॉन. कुणी त्याला राणी पाकोळी म्हणतात, कुणी नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्याची अळी लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवरच वाढते. राज्याने मान दिला तो पंखांना; अळीच्या वाट्याला लिंबाच्या बागेत ‘पाने खाणारी कीड’ एवढेच नाव येते. एकच जीव, वयाच्या एका टप्प्यावर कीड आणि दुसऱ्या टप्प्यावर भूषण.

इथे आपला, म्हणजे साहित्याच्या लोकांचा, संबंध येतो. मराठी कवितेतली बाग घ्या. तीत मोगरा, जाई, पारिजात आहेत. कीटकांपैकी प्रवेश फक्त भुंग्याला आणि फुलपाखराला, तोही एकाला प्रियकर म्हणून आणि दुसऱ्याला चंचलतेचे प्रतीक म्हणून. अळी आली तर ती पुढे फुलपाखरू होणार या आश्वासनावर. बाकी सारे किडे एका ‘कीड’ या शब्दात कोंबलेले, आणि तो शब्द भ्रष्टाचारापासून जातीयतेपर्यंत कशालाही लावायला मोकळा. तुकोबांच्या ज्या अभंगात झाडावेलींना सोयरे म्हटले आहे तो वनमहोत्सवाच्या प्रत्येक फलकावर असतो. त्याच चरणात वनात फिरणारे जीवही सोयऱ्यांच्या यादीत आहेत, हे शिकवताना आपण किती जण थांबून सांगतो? मी वीस वर्षे शिकवले आणि झाडांपाशीच थांबत आले. दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली ही आपल्याकडची सन्माननीय परंपरा आहे, परंतु ती आपण ‘निसर्गलेखन’ या स्वतंत्र कप्प्यात ठेवून दिली आणि मुख्य कवितेचे वाचन पूर्वीसारखेच सुरू ठेवले. आपले निसर्गप्रेम अजून पाकळीच्या वरच्या बाजूचे आहे. पान उलटून पाहण्याची सवय त्याला नाही.

पान उलटून पाहणे हा शब्दशः पहिला उपाय आहे, असे मला आता वाटते. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण ही मंडळी बहुधा पानाच्या पाठीशी किंवा कोवळ्या शेंड्यात असतात. त्यांच्या आधी दिसतात त्या मुंग्या. मावा जो गोड द्रव सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची गुरे राखावीत तशी राखण करतात आणि त्याला खायला आलेल्यांना हाकलतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर काय चालले आहे ते पाहावे. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन जातो. पिठ्या ढेकणाला जुना टूथब्रश आणि साबणाचे पातळ पाणी पुरते. एवढ्याने बागेतले निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतात, हा निदान माझा अनुभव.

पण धुण्याआधी पाहावे लागते, कारण तिथे कोण कोण बसले आहे हे ओळखणे सोपे नाही. ढालकिड्याची ठिपक्यांची पाठ सर्वांना आवडते. त्याची अळी मात्र लहानशा काळ्या मगरीसारखी दिसते आणि माव्याच्या वसाहतीत फिरताना सापडल्यावर पहिला मार तिलाच बसतो. मावा फस्त करण्यात ती प्रौढ ढालकिड्याला हार जात नाही. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची तऱ्हा याहून और. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, किडींच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम भारतात आणलेला. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे धागे वाढवते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, फक्त आकाराने मोठी आणि चालीने चपळ. मेंढ्यांच्या कळपात मेंढीचे कातडे पांघरून लांडगा शिरावा, पण इथे आपण लांडग्याच्या बाजूचे. त्या पावसाळ्यात साबणाच्या पाण्याने मी किती लांडगे मारले असतील, ते सांगता येत नाही. बारकाईने वाचावे, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. संहितेत जे शत्रूसारखे दिसते ते शत्रूच असेल असे नाही, हेही त्यात आलेच.

धारेने भागत नसेल तेव्हा निंबोळी. ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, एकूण एक लिटर करायचे, ही पाच टक्क्यांच्या अर्काची घरगुती मात्रा. फवारायचे संध्याकाळी, कारण उन्हाने त्यातला गुण लवकर उतरतो आणि मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. निंबोळी झुरळावर चप्पल मारावी तसे काम करत नाही. ती किड्याची भूक मोडते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि ते दिवस धीर धरता येत नाही म्हणूनच पुष्कळ जण ‘कडक’ औषधाकडे वळतात. या कडुनिंबावर अमेरिकी शेतीखाते आणि एका कंपनीने युरोपात मिळवलेले पेटंट २०००मध्ये रद्द झाले आणि त्यावरचे अपील २००५मध्ये फेटाळले गेले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. घरोघरच्या निंबोळ्या मात्र आषाढात झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकतो.

‘औषध’ हा शब्द ‘ओषधी’वरून आला. फळ पिकले की जिचा जीवनक्रम संपतो अशी वनस्पती ती ओषधी, आणि वनस्पतीपासून केलेले ते औषध. त्या अर्थाने पाहिले तर निंबोळीचा अर्क किंवा शेतकरी करतात तो दशपर्णी अर्क हाच खरा औषध म्हणवून घ्यायला पात्र. तरीही व्युत्पत्तीने वाहवून जाऊ नये. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, हा आजचा नवा भाबडेपणा आहे. दशपर्णीत कण्हेर आणि धोतराही घालतात. दोन्ही माणसाला घातक. तंबाखूचा काढा मावा मारतो तसा ढालकिडाही मारतो आणि करणाऱ्याच्या कातडीतूनही आत जातो. ‘सेंद्रिय’ असे लिहिलेली बाटलीसुद्धा उलटून वाचावी.

पावसाळ्यात आमच्याकडे सर्वांत मोठा उपद्रव गोगलगायींचा, मुठीएवढ्या आफ्रिकन शंखी गोगलगायी. ही मूळची इथली नव्हे. १८४७मध्ये मॉरिशसहून आणून कोलकात्याच्या एका बागेत सोडलेल्या प्राण्यांची ही संतती असे मानले जाते. एका रात्रीत मिरचीची सारी रोपे जमीनदोस्त. सासूबाईंनी सांगितलेला उपाय मला अजून उत्तम वाटतो: संध्याकाळी ओले गोणपाट अंथरायचे, पहाटे उलटायचे, आणि त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याच्या बादलीत. उघड्या हातांनी मात्र नको, त्यांच्या अंगी माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. बाजारात गोगलगायीसाठी विषारी गोळ्याही मिळतात. त्या मी एकदा हातात घेतल्या आणि ठेवून दिल्या, कारण भिंतीवर भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असे आपल्याकडे म्हणतात. तो या गोगलगायी फोडून खातो हे पुष्कळांना ठाऊक नसते. काजव्यांच्या अळ्याही गोगलगायींवरच जगतात. गोळ्या टाकून शुभशकुन घालवायचा आणि काजवे पाहायला जून महिन्यात भंडारदऱ्याला गाडी करून जायचे, असा हा आपला व्यवहार.

हे सारे मी शेजारच्या वाडीतल्या काकांना एकदा उत्साहाने सांगितले. त्यांचा मोगरा पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जातो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचा कढीपत्ता गेला तर तुम्ही बाजारातून आणाल. माझी कळी अळीने पोखरली तर मी दादरला काय नेऊ?”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या प्राध्यापिकेने अळीविषयी उदार असणे स्वस्त आहे. इंडोनेशियाने १९८६मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण तपकिरी तुडतुड्यांचा उच्छाद फवारण्यांनी कमी होण्याऐवजी वाढत होता. तुडतुडे खाणारे कोळी आणि किडेच आधी मरत होते. म्हणजे माझ्या जास्वंदीवर घडले तेच, एका देशाएवढ्या आकारात. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, उंबरगावजवळच्या देहरी गावात, भास्कर सावे यांनी चिकू-नारळाची ‘कल्पवृक्ष’ वाडी रसायनांशिवाय अनेक दशके चालवली. २०१५ साली ते गेले. ही उदाहरणे खोटी नाहीत. पण एका देशाकडे सरकार असते आणि सावे यांच्याकडे स्वतःची जमीन व चाळीस-पन्नास वर्षांचा धीर होता. काकांकडे उद्याची पहाट आहे. मधल्या दोन-तीन हंगामांचे नुकसान कोणी सोसायचे, हे ठरल्याशिवाय त्यांना उपदेश करणे मला अश्लाघ्य वाटते.

त्यांनीच मग आपण होऊन सांगितले की घरच्या खाण्याची वालपापडी आणि वांगी ते विहिरीच्या मागे वेगळी लावतात. तिला औषध लागत नाही. “भोके पडतात थोडी, आम्ही खातो.” गिऱ्हाईक मात्र भोक पडलेले पान उचलत नाही. फवारणीचा पंप काकांच्या पाठीवर असला तरी त्याचा दट्ट्या मंडईत आपण दाबत असतो.

आणखी एक गोष्ट काकांकडूनच कळली. पूर्वी वाडीत डास आणि चिलटे इतकी नसत, असे ते म्हणतात, आणि त्याचे कारण ते बावखलांत शोधतात. बावखल म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातली वाड्यांमधली तळी. त्यांच्यातल्या पाण्यावर केळी-पानवेली शिंपल्या गेल्या आणि समुद्र इतका जवळ असून विहिरी गोड राहिल्या. बेडूक वाढतात ते तिथे. चतुराची अळी पंख फुटेपर्यंत पाण्यातच राहून डासांच्या अळ्या खाते, आणि पंख फुटले की तोच चतुर माझ्या मिरचीवर येऊन बसतो. बावखल बुजले की त्यावर इमारत उभी राहते, इमारतीत डास येतात, आणि मग सोसायटी धूरफवारणीवाल्याला बोलावते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी जो लढा झाला त्याची आठवण २०२४मध्ये ते गेल्यावर अनेकांनी काढली. त्या लढ्यातले ‘हरित’ हे विशेषण मी बरीच वर्षे केवळ झाडांचे समजत होते. आज त्यात मला बेडूकही दिसतो, आणि बावखलाचा गाळही.

यंदाच्या श्रावणात कढीपत्त्यावर पुन्हा ठिपके दिसले. मोजले तर नऊ. चार मी हलक्या हाताने काढून लिंबाच्या मागच्या फांदीवर सोडल्या, म्हणजे एकाच झाडावर भार नको. दोन दिवसांनी शिंपी पक्ष्याची जोडी पानांत घुटमळताना दिसली आणि अळ्या सहा राहिल्या. त्यांपैकी एकीचा कोश खिडकीच्या गजाला झाला. त्यातून फुलपाखराऐवजी बारीकशी गांधीलमाशीसारखी परोपजीवी माशी निघाली, हेही पाहून झाले. दोन कोश मात्र सुखरूप फुटले. त्या सकाळी माझे पहिले व्याख्यान उशिरा सुरू झाले, त्याबद्दल विद्यार्थ्यांची क्षमा मागून झाली आहे.

झाडाला तोवर पाने जवळजवळ उरली नव्हती. सणाची फोडणी अडली म्हणून मंडईतून कढीपत्त्याची जुडी आणावी लागली. तिच्यातल्या एकाही पानाला भोक नव्हते. सासूबाईंनी ती तीन पाण्यांनी धुतली.